उरलं ते यवतमाळ

महाराष्ट्राचे 36 जिल्हे इंग्रजी वर्णक्रमाने लावले, तर पहिला अहिल्यानगर येतो आणि शेवटचा यवतमाळ. स्पर्धा परीक्षेत याला कुणी अर्धा गुण देणार नाही. 'आर' या संगणकभाषेत फॉर लूप लिहिणाऱ्याला मात्र हे ठाऊक असलेलं बरं.

माझा भाचा संख्याशास्त्र शिकतो. पाऊस आणि खरिपाचं उत्पादन यांचं नातं त्याने जिल्हावार काढायला घेतलं.

"मामा, लूप सगळा महाराष्ट्र फिरून आला. पण दाखवतोय फक्त यवतमाळ."

"बाकीचे कुठे ठेवलेस?"

"ठेवायचे असतात?"

त्याची खोली पाहिलेल्या कुणालाही या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. दर फेरीचं उत्तर त्याने 'फिट' या एकाच नावाखाली टाकलं होतं. अकोल्याने अहिल्यानगर पुसलं, अमरावतीने अकोला, आणि शेवटी रिंगणात यवतमाळ एकटं. लूप सांगितलेलं काम 36 वेळा बिनतक्रार करतो. केलेलं ठेवू कुठे, हे एकदाही विचारत नाही. एरवी नुसतं नाव लिहिलं की आर उत्तर दाखवतो, पण लूपच्या आत तेही नाही, 'प्रिंट' म्हणून विनवावं लागतं. भाषाच हात राखून वागणारी. तिची 1.0.0 ही आवृत्ती निघाली 29 फेब्रुवारी 2000 रोजी, म्हणजे वाढदिवसाचा खर्चही चार वर्षांतून एकदाच.

मग लिस्ट आली. प्रत्येक जिल्ह्याचं मॉडेल म्हणजे गुणांक, अवशेष आणि आणखी बरंच गाठोडं. ते साध्या व्हेक्टरमध्ये मावत नाही, लिस्टमध्ये काहीही मावतं. भाच्याने रिकामी लिस्ट घेतली आणि दर निकाल तिच्या शेपटीला जोडत सुटला. ही पंगतीची अजब रीत झाली: नवा पाहुणा आला की बसलेल्या सगळ्यांना उठवायचं, एका पानाने मोठी पंगत मांडायची आणि पुन्हा बसवायचं. या हिशेबाने 36 पाहुण्यांत 630 उठाबशा होतात, त्या कुणाला कळतही नाहीत. बूटस्ट्रॅपच्या 10,000 फेऱ्या घेतल्या की आकडा पाच कोटींच्या घरात जातो. 2017 मधल्या 3.4.0 आवृत्तीपासून काही प्रसंगी आर स्वतःच थोडी पानं जास्त मांडून ठेवतो. पण पाहुणे किती हे माहीत असताना यजमानाने पानंच मांडू नयेत, हा कुठला पाहुणचार?

पॅट्रिक बर्न्स यांनी 'द आर इन्फर्नो' या पुस्तकात अशा लोकांना नरकाच्या दुसऱ्या वर्तुळात टाकलंय. दान्तेच्या मूळ नरकात तिथे कामांध असतात. लिस्ट वाढवल्याबद्दल एवढी शिक्षा जरा जास्तच, पण निदान संगत रंगेल मिळते.

भाच्यावर खरं संकट आलं ते मुंबईमुळे. त्याच्या फाइलीत मुंबई शहर आणि उपनगर या दोन्हींचं खरीप कोरं, तेव्हा फंक्शनने 'नल' परत केला. शेपटीला नल जोडायला गेलं की आर काहीच जोडत नाही, कुरकुरतही नाही. म्हणून 18व्या जागेवर मुंबई शहराऐवजी नागपूर येऊन बसलं आणि उपनगरात नांदेड.

"हिवाळी अधिवेशनापुरतं चालेल ना?" भाच्याने विचारलं.

मी आधी 36 घरांची रिकामी लिस्ट करून घ्यायला लावली. तर पठ्ठ्याने दुहेरीऐवजी एकेरी चौकोनी कंस घातले. एकेरी कंसाने अख्खं मॉडेल घरात जात नाही. पहिला तुकडा, म्हणजे गुणांक तेवढे आत जातात आणि बाकीचा संसार रस्त्यावर. पडद्यावर वॉर्निंगांची रांग लागली. "एरर नाहीये मामा, नुसत्या वॉर्निंगच आहेत," असं म्हणून त्याने चहा मागवला.

शेवटी 'एल-अप्लाय' आणलं. हे फंक्शन स्वतःच फिरतं आणि निकाल स्वतःच लिस्टमध्ये ठेवतं. आरवाल्यांतले सोवळे लोक लूपचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. मला ते पटत नाही, पानं आधी मांडली तर लूप काही वाईट नाही. पण भाच्यासारख्याला एल-अप्लायच बरं. ते नलचीही जागा राखतं. 18 आणि 19 ही घरं आता रिकामी, पण मुंबईच्याच नावावर.

ताई चहा घेऊन आली होती. मुंबईत दोन जागा रिकाम्या आहेत एवढंच तिच्या कानावर पडलं, आणि तिने भाव विचारला.