बैलानं खाल्लेली बंडी

वऱ्हाडात खेळणी दुकानात येण्याच्या कितीतरी आधी वावरात येत. श्रावणात ती मातीची असत, दिवाळीनंतर ज्वारीच्या धांड्याची, आणि वैशाखात, अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जाऊन बसला की, कणकेची. ओसरीत सरगुंडे आणि शेवया करत बसलेल्या बायका पोरांनी गप्प राहावं म्हणून त्यांना कणकेचा एकेक गोळा देत. त्याच्या चिमण्या होत, साप होत, आणि हातात मळून मळून गोळा पुरता काळा पडला की एखाद्या शेजाऱ्याचं हुबेहूब व्यक्तिचित्रही होई. खेळण्यांनाही हंगाम असलेला हा मुलूख. पाऊस रुसला की कपाशीचं आणि ज्वारीचं नुकसान पैसेवारीत मांडलं जाई. त्या वर्षी धांडे आखूड राहिल्यामुळे पोरांच्या बंड्यांचं, म्हणजे खेळण्यातल्या बैलगाड्यांचं, काय झालं, हे मात्र कुठल्याही तलाठ्यानं लिहून ठेवलेलं नाही.

श्रावणातली माती म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी. पाण्यानं फुगावं आणि वाळल्यावर भेगाळावं, हा तिचा स्वभाव. उन्हाळ्यात वावरातल्या भेगांत गोटी पडली तर ती पुन्हा वर येत नाही. याच मातीचे पोळ्याचे बैल करायचे म्हणजे मोठं धाडस. संध्याकाळी ओट्यावर वाळायला ठेवलेली ऐटबाज जोडी सकाळी पाहावी, तर एकाचा पाय निखळलेला आणि दुसऱ्याच्या वशिंडाला तडा गेलेला. यावर घराघरातल्या आज्यांकडे एक तोडगा असे: वातींच्या डब्यातला मूठभर कापूस पिंजून मातीत मळायचा. मूर्तिकारही हेच करतात. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात आणि बैल पोळ्यापर्यंत तरी चारी पायांवर उभा राहतो. खरं तर वऱ्हाडचा कापूस म्हणजे साहेबाच्या डोळ्यांत भरलेली चीज. त्याच्यासाठी १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. गाठीच्या गाठी मुंबईच्या बंदरातून विलायतेला गेल्या. जो मूठभर मागे राहिला, तो असा मातीच्या बैलाच्या गुडघ्यात कामाला आला. दोन्ही कामांत मोठं कोणतं, हे मेयोसाहेबांना विचारायला हवं होतं.

पण खेळण्यांचा खरा सुगीचा काळ दिवाळीनंतरचा. ज्वारी सोंगून झालेली, कणसं खळ्यावर गेलेली आणि कडब्याच्या पेंड्यांची गंजी गोठ्यामागे उभी राहिलेली. त्या गंजीतून चांगला जाडजूड, खडखडीत वाळलेला, लांब पेरांचा धांडा ओढून काढणं ही पहिली कला. कारण ओढताना सगळी गंजी कलते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं लक्षही त्याच दिशेला कलतं. मग त्याची साल काढायची. ही साल दिसायला गुळगुळीत आणि वागायला वस्तऱ्याची. कापल्याची खूण बोटावर नाही, असा माणूस धांड्याशी खेळलेलाच नसतो. आतला गाभा पांढरा, हलका आणि समजूतदार. जिथे टोचावं तिथे टोचून घेणारा. त्याच गाभ्याच्या चकत्यांची चाकं, सालीच्या टोकदार काड्यांचे खिळे, एका लांब काडीचा कणा, वर आडवं जू, जुवात शिवळा. ना डिंक, ना तार, ना पैसा. एका धांड्याचं हाड त्याच्याच मांसात रोवून वीतभर लांबीची बंडी उभी राही. शेवटी बैल. अंग दोन बोटांएवढं आणि शिंगं मात्र सालीची, लांबलचक, आभाळाला लागलेली. गवळाऊ जातीच्या कुठल्याही बैलानं पाहिलं असतं, तर त्याला न्यूनगंड आला असता.

बंडी झाली की ती आजोबांना दाखवायची. ते खाटेवर बसल्या बसल्या ती तळहातावर घेत, जन्मभर बंडी हाकलेल्या माणसाच्या गांभीर्यानं फिरवून पाहत आणि म्हणत, "चाकं फिरतात का बे इचे? नाई ना? मंग बंडी कायची, थे तर खाट होय!" चाकं फिरत नसतच. तरी तिचे पट लागत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट पाहून आलेली मोठी पोरं अंगणात रेघ मारत आणि आम्ही सुतळीनं बंड्या ओढत धूळ उडवीत सुटत असू. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या आणि २०२३ मध्ये त्यांची वाट पुरती मोकळी झाली. धांड्याच्या बैलांवर मात्र कधीच बंदी आली नाही. ते शर्यत संपण्याच्या आतच स्वतःहून निवृत्त होत.

आणि त्या बंडीचा शेवट ठरलेला असे. खेळून दमलेलं पोर ती गोठ्याच्या गव्हाणीवर ठेवून जेवायला जाई. परत येईतो खऱ्या बैलानं ती खाल्लेली असे: चाकं, जू, शिवळा आणि जुंपलेले आपले दोन जातभाईसुद्धा. तो सावकाश रवंथ करत आपल्याकडे पाही, तेव्हा त्याच्या डोळ्यांत अपराधाचा लवलेश नसे. जन्मभर बंडी ओढणाऱ्या जनावरानं एकदा बंडीच खाऊन टाकावी, यात कुठेतरी न्याय आहे, असं आता वाटतं. त्या वयात भोकाड पसरण्यापलीकडे तत्त्वज्ञान सुचत नसे. आजोबा म्हणत, "खाऊ दे ना बाप्पा, त्याचाच घास होता थो. तुले खेळाले देला होता त्यानं."

देवांनाही या नियमातून सूट नव्हती. भाद्रपद पौर्णिमेला घरोघरी मातीचे भुलाबाई-भुलोबा, म्हणजे पार्वती-महादेव, बसत, ते थेट कोजागिरीपर्यंत. संध्याकाळ झाली की पोरी टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी गाणी म्हणत जात. गाण्यांत सासर-माहेरची दुखणी. म्हणणाऱ्या पोरींचे दुधाचे दातही पुरते पडलेले नसत. परकरातल्या त्या छळलेल्या सुना सासूच्या नावानं ठणाणा करत आणि घरची खरी सासू चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता तो ऐकून घेई, कारण पुढे तिलाच झाकलेला डबा खुळखुळवून "ओळखा खाऊ" म्हणायचं असे. आवाजावरून फुटाणे ओळखता येतात. शिऱ्याला आवाज नसतो, म्हणून हुशार बाई शिराच करी. कोजागिरीला वावरातून कणसासकट ताजे धांडे येत. पाच धांडे शेंड्याशी बांधून भुलाबाईचा मखर उभा राही, वर कणसांचे तुरे डुलत, खाली दूध आटत असे. दुसऱ्या दिवशी तो मखर गोठ्यात जाई. महादेवाचं छप्पर नंदीच्या भाऊबंदांनी खाल्लं, तर तो त्यांचा घरगुती मामला. त्यात माणसानं पडू नये.

धांडा एकाएकी गेला नाही. १९६४ साली देशातला पहिला ज्वारीचा संकरित वाण आला, सीएसएच-१. गावोगावी त्याला नुसतं 'हायब्रीड' म्हणू लागले. दाणा वाढला, ताट बुटकं झालं. माणसाची भाकर मोठी झाली आणि पोराची बंडी लहान. मग नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं. साडेतीन महिन्यांत येतं आणि रोख पैसा देतं, त्याला कोण नाही म्हणेल? ज्वारी राखायची तर दिवसा पाखरं, रात्री रानडुकरं आणि रोही. दरम्यान गोठ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर कडबा खात नाही, म्हणून कडबा नको. कडबा नको, म्हणून ज्वारी नको. या साध्या हिशेबात शेवटच्या ओळीला पोराची बंडी होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. सोयाबीनचं कुटार ढोरं खातात, पण त्याचा बैल होत नाही. काडी हातात धरली की मोडते.

आता २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झाल्यापासून ज्वारीचा मान पुन्हा वाढला आहे. अमरावतीच्या दुकानांत ती बिस्किटं, पोहे, लाह्या अशा नाना रूपांत चकचकीत पाकिटांतून भेटते. प्रकृतीला चांगली म्हणतात, असेलही. मात्र पाकिटात धांडा येत नाही आणि सुट्टीत पोरांनी काय करावं, हा प्रश्न मग आई-बापांना शिबिराची फी भरून सोडवावा लागतो. तिथे कागद, डिंक आणि चकाकी देऊन 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवतात. आमची सगळी कारागिरी नेमकी उलट दिशेनं जाणारी होती. जे केलं ते न टिकण्यासाठीच केलं. पाण्यात विरघळलं, उन्हात तडकलं, बैलाच्या पोटात गेलं, आणि पुढच्या हंगामात पुन्हा नव्यानं करायला हात मोकळे राहिले.

तेव्हा ज्यांचं अजून थोडंफार वावर आहे, त्यांनी येत्या मृगात धुऱ्याच्या कडेनं ज्वारीची दोन तासं पेरावीत. दाणे पाखरांनी नेले तरी चालतील, धांडे उरतात. दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्या नातवंडांना बोलवावं आणि एकेक धांडा हाती द्यावा. साल तेवढी मोठ्या माणसानं काढून द्यावी, आणि पुढे मध्ये बोलू नये.