नंगाऱ्याच्या गावाला या

मुलगा म्हणाला, ‘मी सिनेमात प्रॉडक्शन डिझायनर होणार,’ तर मानोरा तालुक्यातला बाप विचारेल, ‘म्हंजे मंडप-डेकोरेशन काय रे?’ बाप फार चुकत नाही. बांबू, प्लाय, सुतळी, रंग. काम आटोपलं की सगळं खोलून टेम्पोत. फरक एवढाच, की मंडप लोकांच्या डोळ्यांत भरावा लागतो आणि सेट हा सेट आहे हे कुणाच्या ध्यानात येता कामा नये. ‘लगान’मधलं चंपानेर कच्छात कुनरियाजवळ नितीन चंद्रकांत देसाईंनी उभारलं, पण बघणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव वाटलं. या कामाचा राष्ट्रीय पुरस्कार देसाईंना चार वेळा मिळाला. त्यांच्याही आधी ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे साहेबमामा फत्तेलाल होतेच. मूळचे चित्रकार, सेट उभारता उभारता कंपनीतल्याच दामल्यांसोबत 1936 साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करून मोकळे झाले!

हे सगळं त्याच मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीत बसून सुचायचं कारण समोरच आहे. बंजारा समाजाच्या संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या या गावात 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा, म्हणजे बंजारांच्या नगाऱ्याचा, आणि तीही चार मजली! एखाद्या कलादिग्दर्शकाने असं चित्र काढून नेलं असतं, तर निर्माता म्हणाला असता, ‘साहेब, जरा अति होतंय.’

सिनेमातला बंजारा तांडा मात्र कमीच पडतो. शेकोटी, नाच आणि एकाच शिंप्याकडून आलेले वीस घागरे. ज्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हा समाज देशभर फिरला, तो बैल फ्रेममध्ये औषधालाही नसतो. गोणी तर दूरच.

म्हणून होतकरू डिझायनरांना एक विनंती. कोरं कापड जुनं दिसावं म्हणून तुम्ही ते चहाच्या पाण्यात बुडवता. त्याआधी एकदा रामनवमीच्या यात्रेला इथे या. एखाद्या म्हाताऱ्या याडीचा, म्हणजे बंजारा आईचा, फेटिया (घागरा) नीट बघा. कुठला आरसा गळालाय, कुठे दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने टाका घातलाय, कवड्या कुठे झिजल्यात. हे कुठल्याच चहाने साधत नाही. गाडी मात्र गावाबाहेरच लावा, आणि फोटो काढण्याआधी तिला विचारा.