पिंगळीचा बर्फतज्ज्ञ

पिंगळीत बर्फ भेटतो तो रसवंतीवर, नाहीतर गोळेवाल्याच्या गाड्यावर. तरी आइस हॉकीचा गोली कसा घडवावा यावर अधिकारवाणीनं बोलणारा एक माणूस या गावात आहे. तो मीच. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या जिल्ह्यात विनय शोधू नये.

माझी सगळी विद्या मोबाइलवरची. गुडघ्यांवर पडून दोन्ही पॅड बाजूंना पसरायची ‘बटरफ्लाय’ पद्धत फ्रान्स्वा अलेर या प्रशिक्षकानं पॅट्रिक रॉय या गोलीकडून घोटून घेतली, हे मी लग्नाच्या पंगतीतही सांगतो. कुणीतरी विचारतं, “रॉय म्हणजे बंगाली का?” मी वाढप्याला बोलावतो.

भाची शाळेच्या हॉकी संघात गोली झाली आणि अलेरला रॉय सापडला. मुरमाच्या मैदानावर मी तिला गुडघ्यांवर पाडलं. अडचण फक्त मापाची होती. बर्फावरचा गोल 6 फूट रुंद, 4 फूट उंच. आपल्या हॉकीतला 12 बाय 7, म्हणजे साडेतीनपट. चेंडू पोरीच्या डोक्यावरून निवांत जाऊ लागले.

“मामा, बसून कामून अडवायचं?”

प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी जाक प्लांतवर आलो. मी नेहमीच प्लांतवर येतो. कॅनडातला हा गोली अकरा भावंडांत थोरला, घरची गरिबी, म्हणून लहानपणीच विणायला शिकला. पुढे नामांकित खेळाडू झाला तरी बनियन, टोप्या स्वतःच विणायचा. स्वतः विणलेली टोपी घालून गोलात उभा राहायचा! मोठ्या गोलीचा हात असा सुईवर बसलेला असतो, असा माझा सिद्धांत आहे. बायको म्हणते, आधी शर्टाचं बटण लावून दाखवा.

1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये कडक रबराची चकती प्लांतच्या तोंडावर बसली. टाके पडले. मास्क घातल्याशिवाय परत उतरणार नाही, असं त्यानं सांगितलं. प्रशिक्षकाला मास्क नको होता, पण तेव्हा राखीव गोली नसे, म्हणून मान तुकवली. तोपर्यंत मास्क मागणारा भित्रा ठरायचा.

इथं माझी चेष्टा संपते. आपल्याकडेही गोलीची कदर नाही: ज्याला पळता येत नाही, जो अंगानं जाड आहे, त्याला गोलात ढकलतात. मला तसंच ढकललं होतं, भाचीलाही. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाविरुद्धच्या हॉकीच्या अंतिम सामन्यात टायब्रेकरला मुंबईत जन्मलेला आपला गोली आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला, 32 वर्षांनी सुवर्ण आलं; पण पारावर विचारा, नाव निघतं ते त्याच संघातल्या खडकीच्या धनराजचं. धनराज मोठाच. पण त्या दिवशी मागं कोण होतं?

गोल झाला की बाकीच्या पोरी मधल्या रेषेकडे वळतात. चेंडू जाळीतून काढायला ही एकटी वाकते. तेव्हा मी धावत मागं जातो आणि अलेर सुरू करतो.

परवा ती हेल्मेट वर करून म्हणाली, “मामा, तुमी हितंच मागं थांबा. फकस्त बोलू नका.”

मी मान डोलावली. पुढचा चेंडू ‘डी’त शिरायच्या आतच “गुडघे!” म्हणून ओरडलो. ती बसली नाही. उभ्यानंच लाथ घातली आणि चेंडू थेट गोळेवाल्याच्या गाड्याखाली.