साडेबारा पेग

किंमतरावांसमोर ग्लास उचलून थेट 'चिअर्स' म्हणण्याची चूक फक्त नवखा पाहुणा करतो. चिअर्सच्या आधी भाव सांगायचा असतो. तोही बाटलीचा नव्हे, पेगचा. 'साडेसातशे मिली भागिले साठ. साडेबारा पेग. हाच पेग परमिट रूममध्ये बसून घेतलात, तर...' इथवर पाहुण्याचा बर्फ विरघळलेला असतो. मग किंमतराव एक घोट घेतात, डोळे मिटतात, जीभ टाळूला लावून 'टॉक' असा आवाज काढतात आणि निकाल देतात, 'या पैशात आणखी काय पाहिजे?'

त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त आधार कार्डावर उरलंय.

निकालाचं हे वाक्य स्कॉचपुरतं असतं, तर कुणाची हरकत नव्हती. ते मुलीच्या लग्नाच्या कार्यालयाला लागू झालं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला झालं (शुद्धीवर येण्याचा प्रश्न नव्हता, टेबलावरच म्हणाले), आणि एकदा प्रत्यक्ष जावयालाही झालं. जावई समोरच बसला होता. टॉक आवाजासकट.

ब्रँड एकच, टीचर्स हायलँड क्रीम. पहिल्यांदा बाटली घरात आली तेव्हा नाव वाचून वहिनींनी ती फ्रीजमध्ये ठेवली, क्रीम नासेल म्हणून. पुढे त्याच नावाचा उपयोग झाला. बँकेतले जुने सोबती अण्णा दर शनिवारी संध्याकाळी यायचे आणि दोन्ही घरांत त्या बैठकीला 'शिकवणी' म्हणत. 'हे शिकवणीला बसलेत,' असं वहिनी फोनवर सांगायच्या तेव्हा पलीकडच्याला वाटे, या वयात काय ही जिद्द!

शिकवणीची शिस्त कडक. पेग मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर आलेलं दहा मिलीचं टोपण. सहा टोपणं म्हणजे एक पेग, हात न थरथरता. चकण्याला खारे दाणे आणि काकडी, कारण चकण्याचा खर्च पेगच्या वर गेला तर माणूस नेमका कशाला बसलाय ते कळत नाही. सोडा वर्ज्य. पाणी मात्र चमच्यानं मोजून. 2017 साली स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी असं दाखवलं, की व्हिस्कीत पाणी घातलं की ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे येतो. ही बातमी वाचल्यापासून किंमतरावांच्या चेहऱ्यावर पाणी घालताना पौरोहित्याचं तेज येतं. शिवाय पाण्याला पैसे पडत नाहीत.

धुराबद्दल त्यांना एक गोष्ट फार आवडते. विल्यम टीचरची ग्लासगोत दारूची दुकानं होती आणि तिथे धूम्रपानाला बंदी होती. त्याच घराण्यानं 1898 साली अर्डमोरची डिस्टिलरी उभारली, आणि तिथे बार्ली वाळवायची ती पीटच्या धुरावर, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या मातीच्या जळणावर. 'दुकानात धूर नाही, बाटलीत मात्र भरून दिला. आणि वेगळा आकार लावला नाही!' हे बोलताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा चढतो.

पुण्यात आयटीत असलेला भाचा एकदा शनिवारी येऊन ठेपला. त्याच्या पिशवीत सिंगल माल्ट होती आणि जिभेवर जग फिरून आल्याचा ताठा. म्हणाला, 'मामा, ब्लेंड म्हणजे शेवटी भेसळच हो.'

अण्णांनी दाण्याची बशी स्वतःकडे ओढून घेतली. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं.

'1905 साली,' किंमतराव म्हणाले, 'लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या नगरपालिकेचंही हेच म्हणणं होतं. दुकानदारांवर खटले भरले, की ही ग्रेन मिसळलेली व्हिस्की खरी व्हिस्कीच नव्हे. मग रॉयल कमिशन बसलं आणि 1909 साली त्यानं सांगून टाकलं, की तीही व्हिस्कीच. तुझ्या जन्माच्या आधी निकाल लागलाय, बाळ.' मग एनिअस कॉफी आला. आयर्लंडमधल्या अबकारी खात्याच्या या माजी अधिकाऱ्यानं 1830 साली अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं, त्यामुळे गव्हा-मक्याची ग्रेन व्हिस्की स्वस्तात निघू लागली आणि महागड्या माल्टला परवडणारा जोडीदार मिळाला. अबकारीच्या माणसानं दारू स्वस्त केली, या घटनेपुढे किंमतराव अजूनही हात जोडतात. भाच्यानं धीर करून वय काढलं: हिच्या बाटलीवर तर वर्षंही लिहिलेली नाहीत. 'नसू देत. तीन वर्षं ओकच्या पिंपात काढल्याशिवाय स्कॉच म्हणता येत नाही, कायदाच आहे. आणि तुझ्या बाटलीवरचा 12 हा आतल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचा आकडा. आमच्या मंडळात सगळ्यात लहान अण्णा. त्यांचं वय लावलं तर आम्हीही महाग पडू.'

भाच्याची बाटली मात्र त्यांनी संपवू दिली. स्वतः एक घोट घेतला, टॉक केलं आणि बराच वेळ गप्प राहिले. 'चांगली आहे,' म्हणाले. पुढचं वाक्य आलंच नाही. किंमत विचारली होती.

या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून राग आलेला अण्णांनी पाहिलाय. स्कॉटलंडच्या गोदामांत पिंपांतून दरवर्षी सुमारे 2 टक्के व्हिस्की नुसती हवेत उडून जाते आणि तिकडचे लोक कौतुकानं तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. 'दोन टक्के? दरवर्षी? पावतीशिवाय?' त्या शनिवारी पुढचा विषय निघालाच नाही.

24 जुलै 2025 रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉचवरचं 150 टक्के आयात शुल्क आधी 75 आणि पुढे दहा वर्षांत 40 टक्क्यांवर येणार. बातमीखाली हिरव्या पेनानं रेघ मारून किंमतरावांनी अण्णांना फोन केला. 'चाळीस होईल तेव्हा मी 82 चा आणि तू 80 चा. तब्येत सांभाळ.'

खरी भानगड त्या साडेबारामधल्या साड्याची. बाटली निम्म्या-निम्म्या वर्गणीची. सहा पेग याचे, सहा त्याचे, आणि तळाला उरतात 30 मिली. ते कुणाचे? अनेक वर्षांपूर्वी ठरलं, की एका बाटलीचा अर्धा अण्णांचा, पुढचीचा किंमतरावांचा. जुन्या बँकेच्या डायरीत त्याची नोंद असे: 'अर्धा – अ.', 'अर्धा – मी.' कधी चूक नाही, कधी वाद नाही.

चूक होती ती दुसऱ्याच रकान्यात, आणि ती वहिनींनी अलीकडे सांगितली. अण्णांच्या मुलाचा धंदा बुडाला तेव्हा चार वर्षं अण्णांकडून वर्गणी आलेली नव्हती. मागितलीही गेली नव्हती. डायरीत मात्र दर बाटलीपुढे हिरव्या पेनानं लिहिलेलं आहे: 'अ. कडून निम्मे, जमा.' सोसायटीच्या लेखापरीक्षकाला सव्वा रुपयाच्या फरकासाठी तीन वेळा जिने चढायला लावणाऱ्या गृहस्थानं ही खोटी नोंद चार वर्षं चालवली. शनिवारी डायरी उघडीच पडलेली असायची, अण्णांना दिसेल अशी.

अण्णा यंदा गेले, मंगळवारी. त्याआधीच्या शनिवारी बाटली तळाला आली होती आणि त्या खेपेचा अर्धा त्यांचा होता. 'पुढच्या शनिवारी घेतो,' म्हणून उठले होते.

आता किंमतराव एकटेच बसतात. सहा टोपणांची तीन झालीयत. नवी बाटली आणली, तिचा भाव त्यांनी कुणाला सांगितला नाही. जुनी कपाटात तशीच उभी आहे, तळाला 30 मिली घेऊन, काचेवर हिरव्या पेनानं मारलेली रेघ. परवा भाच्यानं बारकाईनं पाहिलं तर पातळी रेघेच्या केसभर खाली वाटली. बूच सैल होतं. तो घट्ट करायला गेला, तर मामांनी हात धरला.

'राहू दे. दोन टक्क्यांनी वर्षाला 0.6 मिली,' म्हणाले. 'त्याला 50 वर्षं पुरेल.'