आरमारी रक्त

आमचे मूळपुरुष सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात होते, ही गोष्ट मी चारचौघांत अशा गांभीर्याने सांगतो की, ते तेथे नेमके काय करीत होते, हे विचारण्याचे धैर्य सहसा कोणास होत नाही. आणि जो विचारतो त्याला, ते महसुलाच्या दप्तरावर कारकून होते हे कळण्यापूर्वीच मी विषय तटबंदीकडे वळवलेला असतो. तेव्हा नौदलातून निवृत्त झालेल्या मेहुण्यांच्या शिडाच्या नौकेतून सहकुटुंब जात असता, सुवर्णदुर्ग आणि हर्णैचा किनारा यांमधल्या निवांत पाण्यात रात्रीपुरता नांगर टाकायचे ठरले, त्या क्षणी एक हात डोलकाठीला लावून व दुसरा कमरेवर ठेवून उभे राहणे हे मला वंशपरंपरागत कर्तव्यच वाटले.

"बाबा, नांगराच्या दोरावरून पाय काढा," कन्या म्हणाली.

पाय काढून मी तिला इतिहास सांगू लागलो. सरखेलांच्या दस्तकावाचून या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत हाकारणे म्हणजे माल जप्तीस देणे होते, आणि १७२९ साली कान्होजी निवर्तल्यावरही हा धाक ओसरला नव्हता. परंतु तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे बिनसले, पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला आणि १७५५ च्या एप्रिलात कमोडोर विल्यम जेम्स याने तोफा डागून समोरचा हा जलदुर्ग घेतला. जेम्स पुढे विलायतेस परतला, सधन झाला आणि १७८३ साली वारला. तेव्हा त्याच्या पत्नीने लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधविला, ज्याला सुवर्णदुर्गाचेच नाव, इंग्रजी जिभेला झेपेल तसे, दिलेले असून तो आजही उभा आहे. आपल्याच आरमाराचा किल्ला पाडायला परक्यांची कुमक मागवणाऱ्या पुण्याच्या राजकारणाविषयी मी येथे जरा कठोर शब्द वापरले, कारण आमच्या सौभाग्यवतींचे माहेर पुण्याचे, आणि त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या दप्तरात कारकून होते. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच्या या युद्धातल्या उभय पक्षांचे बोरू आमच्या घरात एकत्र नांदत आहेत.

"अहो, तुम्ही किल्ला घ्या, मनोऱ्याचं मी बघते," त्या म्हणाल्या, "तोवर ही बादली घ्या आणि तळाचं पाणी उपसा."

मी उपसू लागलो. नाळेवर मेहुण्यांनी हर्णैहून सोबतीला घेतलेले वृद्ध तांडेल बसले होते. नांगर टाकल्यापासून त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता. ताणलेल्या दोरावर तळहात ठेवून, डोळे मिटून, ते काहीतरी ऐकत असल्यासारखे दिसत होते. नांगर तळाला धरून आहे की घसरतो आहे, हे दोराच्या थरथरीवरून हाताला कळते, असे मेहुण्यांनी मला हळूच सांगितले. मी बादली ठेवून विचारले, "काका, तुमचे पूर्वजही आंग्र्यांच्या आरमारात असतील, नाही?"

"असतील की," ते म्हणाले. "पण कागुद कोनाकडं हाय?"

या प्रश्नाने मी क्षणभर खजील झालो, आणि मग मला राग आला. तो त्यांचा नव्हे. जेम्सला मनोरा मिळाला, तुळाजीला बखरीत जागा मिळाली, आणि दाणागोट्याचे हिशेब लिहिणाऱ्या माझ्या पूर्वजाचेही नाव, त्याने ते स्वहस्ते लिहिले असल्यामुळे, टिकले. परंतु ज्यांनी शिडे ओढली, सुकाणे धरली आणि गलबतांबरोबर जे जळाले वा बुडाले, त्या कोळी-भंडारी खलाशांची नावे लिहून ठेवण्याची तसदी माझ्या पूर्वजाने घेतल्याचा पुरावा नाही. हातात लेखणी असणाऱ्यांनी इतिहासात आपली वर्णी आधी लावून घेतली, आणि त्या वर्णीवर मी आजवर फुशारकी मारीत आलो.

दोर पुन्हा किंचित थरथरला. तांडेलांनी डोळे उघडले, पाण्याकडे पाहिले आणि आणखी दोन वाव दोर सोडला. ही थरथर माझ्या आरमारी रक्ताला मुळीच कळली नव्हती.

वाचकहो, आंग्र्यांच्या आरमाराविषयी काही जाणून घ्यायचे असेल तर आधी हर्णैच्या बंदरात चौकशी करा. आमच्या घरीही अवश्य या. वंशावळ पाहायला मिळेल, पण पोहता येते का, हे मात्र विचारू नका.