काट्याचा भरवसा

अमेरिकेतल्या मराठी घरांत तळघर दाखवायचा एक सोहळाच असतो. पूर्वी तिथे कॅरम आणि जुन्या बॅगा दिसत. आताशा एखाद्या घरी बिअरचा नळही दिसतो. 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्राची मुभा मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. एवढी पिऊन झाल्यावर ते दोघे कितपत प्रौढ उरतात, याची चौकशी कायदा करत नाही.

बिअर बनवणं त्या मानाने सोपं. ती फेसाशिवाय पेल्यात उतरवायची तर गाठ पिंपाला जोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टाकीवरच्या रेग्युलेटरशी पडते. आपल्या शेगडीचा रेग्युलेटर सिलिंडरवर टक् करून बसतो आणि दाब कारखान्यातूनच ठरवून आणतो. आपल्याला विचारतो कोण! बिअरच्या रेग्युलेटरला मात्र दोन काटे असतात आणि समोर एक स्क्रू. फिरवता येणारा स्क्रू दिसल्यावर हात खिशात ठेवणारा इंजिनिअर अजून जन्माला यायचाय.

खरं तर काम थोडंच असतं. टाकी उघडण्याआधी स्क्रू डावीकडे सैल करावा, मग उघडून हळूहळू उजवीकडे आवळावा. बिअर तीन-चार अंशांवर थंड असेल तर दहा-बारा पीएसआय दाब पुरे. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि आठवडाभर तिकडे फिरकू नये. हे शेवटचं कुणाला जमत नाही. फेस आला की पिळ स्क्रू! वास्तविक दोष बहुधा आखूड पाइपचा किंवा कोमट बिअरचा. शिवाय स्क्रू सैल केला तरी पिंपातला दाब आपोआप उतरत नाही. पिंपाची झडप ओढून तो सोडावा लागतो. हे ठाऊक नसलेला गृहस्थ रेग्युलेटर बिघडला म्हणून नवा मागवतो.

घेताना दोन काट्यांचाच घ्यावा, आणि बिअर उलटी रेग्युलेटरमध्ये चढू नये म्हणून एकमार्गी झडप असलेला. गिनेससाठी नायट्रोजन हवा असेल तर तो संसार वेगळा. इथे त्या टाकीचे आटेसुद्धा जुळत नाहीत.

एक काटा पिंपाकडे जाणारा दाब दाखवतो. दुसरा टाकीतला दाब दाखवतो, आणि सगळ्यांना वाटतं तो उरलेला गॅस दाखवतो. टाकीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, त्यामुळे दाब ठरतो तापमानावर. खोलीत आठशेच्या वर असलेला काटा टाकी फ्रिजमध्ये ठेवून गार झाली की साडेपाचशेवर येतो आणि यजमान गळती शोधत बसतात. पुढे द्रव संपेपर्यंत तो हलत नाही, आणि घसरायला लागला की पाहुणे दारात असतात.

तेव्हा गॅस मोजायचा तर वजनकाट्यावर. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या खांद्यावर ठोकलेलं असतं, ते वजा करा. फक्त त्याआधी टाकी बंद करून रेग्युलेटर उतरवा. नाहीतर पितळेचं वजन गॅसमध्ये धरून चार पाहुणे जास्त बोलवाल.