दसरा निघता निघेना

माझ्या हातचं घर बघायला लोकांनी तिकीट काढून यावं, ही माझी जुनी इच्छा आहे. लोक येतात, पण न सांगता येतात. नेमका तेव्हाच दिवाणावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो, ढिगावर लेक उभी असते आणि लेकीच्या हातात पाहुण्यांना दाखवू नये असं काहीतरी असतं. मग मी हसत म्हणते, "आत्ताच आवरायला काढलं होतं बघा." लग्न झाल्यापासून आमचं घर आत्ताच आवरायला काढलेलं आहे.

तरीही स्वतःच्या टापटिपीबद्दलचं माझं मत तसूभर ढळलेलं नाही. त्याला कारण माझं माहेर. मी नांदेडची, सासर लातूरचं. लातूरकरांना आपल्या पॅटर्नचा असतो, डाळींच्या बाजाराचा असतो, असे बरेच अभिमान असतात. आम्हा नांदेडकरांना एकट्या गोदावरीचा असतो, पण तो पुरतो. आम्ही तिला गंगाच म्हणतो. विष्णुपुरी धरणाचा फुगवटा बघत मोठ्या झालेल्या मुलीला साठवण म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मोकळी जागा दिसली की तिला ती मोकळीच आवडते. लग्न होऊन आले तेव्हा इथल्या न्हाणीत मला न्हायला जागा शोधावी लागली होती. टिपाडं, घागरी आणि बादल्या यांच्या मधोमध एका माणसापुरता चौकोन उरला होता, आणि ते माणूसही माझ्यापेक्षा बारीक असावं अशी त्या घराची अपेक्षा होती.

पितृपक्ष लागला की आमच्याकडं दसरा काढतात. हे मी समजावून सांगत बसणार नाही. ज्यांच्या घरी काढतात त्यांची कंबर नुसत्या उल्लेखानंच दुखायला लागली असेल. घटस्थापनेच्या आत घरातलं जे जे पाण्यात बुडवता येतं ते ते बुडवायचं: वाकळा, चादरी, पडदे, भांडी. जे बुडवता येत नाही ते उन्हात टाकायचं. जे उन्हातही टाकता येत नाही, म्हणजे आमचे हे, ते पेपर घेऊन आपण होऊन शेजारी जाऊन बसतात.

यंदा मी ठरवलं, दसरा नुसता काढायचा नाही, शास्त्रशुद्ध काढायचा. मोबाईलवर मला मारी कोंडो नावाच्या जपानी बाई सापडल्या होत्या. त्यांचं म्हणणं सोपं आहे. वस्तू हातात घ्यायची. तिनं मनाला आनंद होतो का ते बघायचं. होत नसेल तर तिचे आभार मानायचे आणि निरोप द्यायचा. हे मी भिशीत अशा थाटात सांगितलं, जणू बाई माझ्याच हाताखाली शिकून गेल्या होत्या. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण त्या दिवशी फराळ माझ्याकडं होता.

पहिला प्रयोग आमच्या ह्यांच्या कपाटावर केला. लग्नाच्या मांडवाबाहेर या माणसाच्या डोक्यावर मी कधी टोपी पाहिली नाही, पण कपाटात आहेराच्या टॉवेल-टोप्यांची चळत हनुवटीला लागते. मी एक टोपी त्यांच्या हातात दिली. "हिनं आनंद होतो का बघा."

"मला नाही होत," ते म्हणाले. "पण तुळशीचं लग्न झालं की औशाला एक लग्न आहे. तिथल्या मामांना होईल."

टोपी परत कपाटात गेली. दुसरा प्रयोग नोट्सवर. लातूरच्या घरात बारावीच्या नोट्स टाकून देणं म्हणजे घरावर चालून आलेल्या सगळ्या भाच्या-पुतण्यांचं भविष्य रद्दीत घालणं. उदगीरचा, अहमदपूरचा, देगलूरचा, कोणाचा ना कोणाचा पोरगा अकरावीला येणार, कोचिंग लावणार आणि आपल्याकडं राहणार. म्हणून नोट्स ठेवायच्या, त्याच्यासाठी गादी ठेवायची, गादीसाठी खोळ ठेवायची, आणि पोरगा शेवटी होस्टेलला राहिला तरी ती गादी कुणी हलवायची नाही.

तिसरा प्रयोग आत्याबाईंवर, म्हणजे सासूबाईंवर करायचा होता. तो सुरू होण्याआधीच संपला. मी हातात काहीही घेतलं, तुटक्या हँडलचा तवा, कुकरची जुनी रिंग, अगदी छत्रीच्या काड्या, तरी त्यांचा एकच प्रश्न: "असू दे की माय. काय खायला मागतंय का ते?"

या प्रश्नाला जपानी शास्त्रात उत्तर नाही. खरंच, खायला तर काहीच मागत नाही.

मग मी दुसऱ्या तज्ज्ञांकडं वळले. ही मंडळी म्हणतात, घर लहान असेल तर भिंती वापरा; छतापर्यंत कप्पे करा, जड सामान वर टाका, जमीन मोकळी ठेवा. सुताराला बोलवायचा विषय काढला तेव्हा आत्याबाईंनी पहिल्यांदाच मला वाक्य पुरं करू दिलं नाही. त्यांचं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना तिथं भूकंपात काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड छत, तेच माणसांवर आलं. तेव्हापासून आत्याबाई झोपणाऱ्याच्या डोक्यावर उशीएवढंही वजन ठेवू देत नाहीत. आमच्या घरात वस्तू आडव्या पसरतात, उभ्या चढत नाहीत. सुतार आला नाही.

आता टिपाडांबद्दल थोडं. थोडं म्हणजे बरंच; घरात एवढी जागा त्यांनी घेतली आहे, तर लेखातही घेऊ द्या.

आमची दोन निळी टिपाडं न्हाणीत आहेत आणि एक मागच्या दारात, तुळशीपेक्षा मानाच्या जागी. शिवाय पितळी घागरी, स्टीलच्या कळशा, वीस लिटरचे जार, तेलाचे पत्र्याचे डबे आणि डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्या. घराला कधीकाळी कुठकुठले रंग दिले होते ते भिंतींवरून कळत नाही, पण या बादल्यांच्या कडांवरून कळतं: पिस्ता, बदामी, आणि एक गुलाबी, ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. टिपाडं भरायची नळी तीन तुकड्यांची. सांधे सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेले, आणि प्रत्येक सांध्यातून एक बारीक चिळकांडी उडते, जिच्याखाली आत्याबाई न चुकता एकेक तांब्या ठेवतात.

या भांड्यांत मोठी उतरती भाजणी आहे. सगळ्यांत वर पिण्याचं. त्याच्या घागरीच्या तोंडाला दुहेरी घडीचं पांढरं फडकं. त्याखाली स्वयंपाकाचं, मग वापरायचं. मग फिल्टरमधून वाया जाणारं, त्याची वेगळी बादली, त्यात भांडी विसळायची. तांदळाचं धुवण तुळशीला. धुण्याचं शेवटचं पाणी संडासात. या घरात पाणी नोकरीला लागलं की बढती नाही, फक्त उतरत्या पदांवर बदल्या. आणि चुकून कुणी पिण्याच्या घागरीत वापरायचा तांब्या बुडवला, तर ती सगळी घागर एका क्षणात दोन पदं खाली येते. माझ्या हातून आजवर बऱ्याच घागरी अशा उतरल्या आहेत.

यात शिळ्या पाण्याचा एक वेगळाच कायदा आहे. नळाला पाणी रोज नसतं. ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी पहाट म्हणा, मध्यरात्र म्हणा, गल्लीत आरोळी होते. आणि नळ आला रे आला की काल सायंकाळपर्यंत जे पाणी आम्ही जिवापाड जपत होतो, पेल्याच्या तळाशी उरलं तर लेकीला रागावत होतो, ते एकदम शिळं होतं. ते घागरीतून ओतून कुंड्यांना घालायचं आणि ताजं भरायचं. आठवडाभर ज्याची आराधना केली त्याला नवा आला म्हणून कुंडीत घालणं हे मला आजही पटत नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "त्या साली कुणी शिळं म्हणलं नाही बरं."

त्या साली म्हणजे 2016. मी तेव्हा नांदेडला होते. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली. पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. 12 एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. राजस्थानातल्या कोट्याला वाफेनं धुऊन आणलेल्या वाघिणी. पुढं ती गाडी पन्नास वाघिणींची झाली. ते फोटो मी पेपरात बघितले, आणि पुढं याच गावी माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "हुंडा नको म्हणालेत ना? मग हंडे घेऊन जा."

मी आणले नाहीत. इथं गरज नव्हती. मिरज ते लातूर हे साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर रेल्वेनं काटले. गल्लीच्या तोंडापासून न्हाणीपर्यंतचं उरलेलं अंतर आत्याबाईंनी. टँकर थांबायचा थोडाच वेळ. तेवढ्यात जेवढं भरलं तेवढं तुमचं. मी एकदा विचारलं होतं, एवढी भांडी कशाला जमवलीत? त्यांनी पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, "पाणी सरकारचं असतंय, भांडं आपलं असावं लागतंय. ज्याच्या घरी भांडं, त्याच्या घरी पाणी. टँकरवाला काय थांबतो का तुझ्यासाठी?"

तेव्हापासून तज्ज्ञांचा तो लाडका नियम ऐकला की माझं डोकं फिरतं: वर्षभर वापरली नाही ती वस्तू टाका. दुष्काळ दरवर्षी येत नाही, म्हणून तर तिसरं टिपाड दरवर्षी लागत नाही. टाकून देणं ही त्यांची चैन, ज्यांना उद्या लागलं तर उद्या मिळेल याची खात्री आहे. ती खात्री विष्णुपुरीच्या काठावर मला फुकट मिळाली होती, आणि इतकी वर्षं तिला मी माझा टापटीपपणा समजत होते. शिवाय हे सगळे सल्ले बाईलाच. घर सगळ्यांचं, सामान आजीचं, पसारा लेकराचा, आणि आवरलं नाही की नाव माझं. मारी कोंडोबाईंनाही तिसरं मूल झाल्यावर हे उमगलं असावं. 2023 साली त्यांनी सांगून टाकलं की आवराआवरीचा नाद आता आपण बराचसा सोडून दिला आहे. ही बातमी मी आत्याबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "तीन लेकरं झाल्यावर कळलं होय तिला? मला एकातच कळलं होतं."

राहता राहिली लेकीची खेळणी. माळेगावच्या जत्रेतली बंदूक, सिद्धेश्वराच्या जत्रेतली मोटार, चाकं नसलेलं विमान. हे सगळं ती झोपल्यावर गुपचूप पोत्यात भरायचं, हा जगभरच्या आयांचा धर्म आहे. मी पोतं घेऊन पलंगाखाली वाकले. तिथं बंदूक नव्हती, मोटारही नव्हती. रिकाम्या शाम्पूच्या बाटल्या, सॉसची बाटली, औषध मोजायची इवली मापं उंचीनं लावून ओळीत उभी होती. सगळ्यांना बुचं. ज्यांची हरवली होती त्यांना चॉकलेटच्या चांद्या. आणि पहिल्या मापाच्या तोंडाला माझ्या पांढऱ्या रुमालाचा कापलेला तुकडा, दुहेरी घडीचा, रबरानं बांधलेला.

घरातला एवढा व्यवस्थित लावलेला कोपरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

सकाळी विचारलं, "हे काय गं?"

"पाणी सुटणारंय ना," ती म्हणाली. "हे पिण्याचं. हे वापरायचं. पप्पांना वापरायचं."

"आणि हे शेवटचं?"

"ते शिळं. ते पाहुण्यांना."

मी खूप हसले. मग थोडं कमी हसले. माझ्या भातुकलीत चूल होती, बाहुला-बाहुलीचं लग्न होतं, पंगती उठायच्या. नांदेडच्या अंगणात आम्ही खोटं जेवण करायचो, पण पाणी खरं असायचं, आणि ते सांडलं म्हणून कुणी ओरडायचं नाही. हिच्या भातुकलीत पाणीपुरवठा विभाग आहे. पाच वर्षांच्या लेकरानं हे कौतुकानं शिकावं की शिकावंच लागू नये, हे मला अजून ठरवता येत नाही. पोतं रिकामंच घडी करून ठेवलं; काय खायला मागतंय का ते?

आता एवढं नीट लावलेलं सामान पलंगाखाली धूळ खात ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी गंजगोलाईला गेले. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात आणि मला वाटतं प्रत्येक रस्त्यानं प्लास्टिक येतं. पारदर्शक, झाकणाचे, एकावर एक बसणारे डबे हवे होते, व्हिडिओत असतात तसे. दुकानदाराला सांगितलं, लेकराची खेळणी ठेवायला पाहिजेत, मजबूत दाखवा. त्यानं दाखवला. मी झाकण काढून परत लावलं, डबा उलटा करून तळ बघितला आणि कोपऱ्यावर टिचकी मारून विचारलं, "किती लिटरचा हो? आणि गळत नाही ना?"

"ताई, खेळणी ठेवायचीत म्हणालात ना?"

"खेळणीच ठेवायचीत," मी म्हटलं. "पण गळत नाही ना?"